बसायला सीट नाही, तरी घ्यावी का?

पत्र: दादा, मी साक्री तालुक्यातला, वय २६. घरची शेती. मळ्याला लागून काळ्या दगडाची भिंतीसारखी धार आहे, पायथ्याशी नाला. दोन वर्षांपासून ट्रायल्सचे, म्हणजे पाय न टेकता दगड-नाल्यांतून मोटरसायकल नेण्याच्या खेळाचे, व्हिडिओ बघतोय आणि घरच्या एक्सपल्स मोटरसायकलवर बांधावरून चढ-उतार करतोय. आता शेजारच्या राज्यात एकाकडे दहा-बारा वर्षं जुनी, अडीचशे सीसीची टू-स्ट्रोक ट्रायल्स गाडी विकायला आहे. मागतोय तेवढ्यात दोनशे सीसीची नवी गाडी येईल. वडील जुने बुलेटवाले. फोटो बघून म्हणाले, “बठाले सीट नही, ती गाडी काय कामनी?” मी ती घ्यावी का? पासिंग होईल का? मळ्यात आणि तालुक्याला जायला चालेल का? धुळ्यात कुणी मेकॅनिक हात लावेल का, स्पेअरचं काय? आणि इथं शिकवणारं कुणी नाही, मग शिकायचं कसं?

भाऊ,

आधी वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत. सीट नाही, कारण या गाडीवर बसायचंच नसतं. पूर्ण वेळ फूटरेस्टवर उभं राहायचं, वजन पायांनी इकडून तिकडे टाकायचं आणि गाडी कमरेखाली मोकळी हलू द्यायची. मध्ये सीट आली तर गुडघे अडतात. गाडी सत्तर किलोच्या आसपास, म्हणजे तुझी एक्सपल्स तिच्या दुपटीहून जड. टाकी जेमतेम दोन-तीन लिटरची. खालचे गिअर माणूस चालतो त्या वेगाचे. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनसोबत फिरणारं चाक, जड, त्यामुळे इंजिन अगदी सावकाश फिरतानाही लगेच बंद पडत नाही. कुठं जायला म्हणून ती बनवलेलीच नाही. एका नाल्याच्या वळणावर, चार दगडांच्या मध्ये, सकाळचे दोन तास घालवायला ती बनवली आहे. हे मनापासून पटत असेल तर घे. रविवारी मित्रांबरोबर तोरणमाळला जायचं डोळ्यांसमोर असेल तर घेऊ नकोस, एक्सपल्सच नीट ठेव.

वडिलांना आणखी एक गोष्ट सांग, त्यांना आवडेल. त्यांची बुलेट याच खेळातून पुढे आली आहे. मागच्या चाकाला स्विंगआर्म आणि शॉकअप असलेली नव्या धाटणीची बुलेट १९४८ साली इंग्लंडमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली, तीच मुळी एका ट्रायल्स स्पर्धेत. १९५२ ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जॉनी ब्रिटन यांनी साडेतीनशेच्या बुलेटवर जिंकली. ही स्पर्धा १९०९ पासूनची, अजूनही चालू आहे. सहा दिवस डोंगर, ओढे आणि चिखल. जड फोर-स्ट्रोक गाड्यांचे दिवस संपत आले ते १९६५ साली. त्या वर्षी सॅमी मिलर यांनी बुल्टाको या स्पॅनिश कंपनीच्या हलक्या टू-स्ट्रोकवर तीच स्पर्धा जिंकली आणि स्पेनच्या गाड्यांचं राज्य सुरू झालं. आज या खेळातलं सगळ्यात मोठं नाव स्पेनच्याच टोनी बोऊ यांचं, २००७ पासून सलग अनेक वर्षं जगज्जेतेपद त्यांनीच मिळवलं.

खेळात वेळेला फारशी किंमत नाही, पायाला आहे. आखून दिलेल्या तुकड्यातून पाय न टेकता गेलास तर शून्य. एकदा टेकलास तर एक, दोनदा तर दोन, त्याहून कितीही वेळा टेकलास तरी तीन. पडलास, मागे सरकलास किंवा हद्दीबाहेर गेलास तर पाच. ज्याचे गुण कमी तो जिंकला.

पासिंगचं उत्तर स्पष्ट आहे. होणार नाही. स्पर्धेसाठी बनवलेल्या गाडीला रस्त्यावरच्या वापराची मान्यता नसते, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. मळ्याकडे जाणारा शिवाररस्ताही यात आला. “एवढ्याशा रस्त्यावर कोण बघतंय” असं गावात सगळेच म्हणतील. पोलिसाचा दंड एकवेळ परवडेल. पण नोंदणी नाही म्हणजे विमा नाही, आणि उद्या कुणाचं पोर आडवं आलं तर भरपाई थेट तुझ्या घरावर आणि जमिनीवर येईल. म्हणून गाडी घरी आणूच नकोस. मळ्यातल्या शेडमध्ये ठेव. बाहेर न्यायची असेल तर पिकअपमध्ये टाकून ने. सत्तर किलो दोन माणसं सहज चढवतात.

जंगलाचंही सांगून ठेवतो. सातपुड्यात, यावल किंवा अनेर धरणाच्या अभयारण्यात, चाळीसगावकडे गौताळ्यात ही गाडी न्यायची नाही. वनखात्याची जमीन म्हणजे मोकळं मैदान नव्हे, आणि तिथं राहणाऱ्या माणसांना आणि जनावरांना टू-स्ट्रोकचा आवाज ऐकवायचा आपल्याला काही अधिकार नाही. तुला त्याची गरजही नाही. तुझ्या मळ्यामागची ती काळी धार म्हणजे डाइक. जमिनीला पडलेल्या भेगांत खालचा वितळलेला खडक घुसून थिजला आणि बाजूचा खडक झिजून गेल्यावर ही भिंत उभी राहिली. धुळे-नंदुरबार पट्टा अशा भिंतींनी भरलेला आहे, भूगर्भवाले त्या बघायला लांबून येतात. ट्रायल्सला हा दगड सोन्यासारखा. खरखरीत, कडा धरणारा, टायर त्याला चिकटतो. फक्त ती धार सातबाऱ्यावर कुणाच्या नावे आहे ते आधी बघ. गायरान किंवा वनखात्याची निघाली तर आपल्या बांधाच्या आतले दगड वापर.

आता मेकॅनिक. धुळ्यातला चांगला मेकॅनिक हात लावेल. जुन्या आरएक्स १०० चे ब्लॉक ज्याने उघडलेत त्याला हे इंजिन समजायला वेळ लागणार नाही. झडपा नाहीत, कॅम नाही. पिस्टन, रिंगा, रीड (पेट्रोल-हवा आत सोडणाऱ्या पातळ पट्ट्या), क्लच आणि गिअरबॉक्स, एवढंच. पण रोजची देखभाल तुझी तुलाच करावी लागेल. ही गाडी दर वेळी पडते, आपटते, पाण्यात जाते. एक तास चालवली की अर्धा तास तिच्याजवळ बसायची तयारी हवी. सीट नसली तरी बसणं असं चुकत नाही, हे वडिलांना सांगायला हरकत नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते टायरच्या हवेत. मागच्या टायरमध्ये ४ ते ५ पीएसआय, पुढे ५ ते ६. रस्त्यावरच्या गाडीत तीसच्या आसपास असते, म्हणून साक्रीच्या कुठल्याही हवावाल्याला हे सांगितलंस तर तो तुला पुन्हा विचारेल, आणि त्याच्या मशिनच्या काट्यावर पाच वाचताही येणार नाही. शून्य ते पंधरा पीएसआयचा वेगळा गेज मागव आणि सायकलचा पंप ठेव. मोजायची ती पहाटे, टायर थंड असताना. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात उभी राहिली की टायरमधली हवा सहज दीड पीएसआयने वाढते. तीसमध्ये दीड कळत नाही. साडेचारात दीड म्हणजे कालपर्यंत दगडाला धरणारा टायर आज उसळायला लागतो, आणि तुला वाटतं आपलंच चालवणं बिघडलं. मागचा टायर आऱ्याच्या रिमवर असूनही ट्यूबलेस असतो, आतल्या पट्टीवर हवा धरलेली असते. पंक्चरवाल्याला लोखंडी पट्ट्या घालून तो ओढू देऊ नकोस. पट्टी फाटली तर हवा कधीच टिकणार नाही.

दुसरं पेट्रोल. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. प्रमाण गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, चांगल्या सिंथेटिक ऑइलला बहुतेक ६०:१ ते ८०:१. आरएक्सची सवय असलेला कुणीही “जास्त टाक, इंजिन वाचेल” म्हणेल. या गाडीत जास्त ऑइल म्हणजे काळा प्लग, भरलेला सायलेन्सर आणि हळू वेगात अडखळणारं इंजिन. अंदाजे झाकणाने ओतू नकोस. मेडिकलमधून वीस मिलीची सिरिंज आण. ७०:१ ला एका लिटरला चौदा मिली. घट्ट झाकणाच्या कॅनवर मिसळल्याची तारीख खडूने लिही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. पेरणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत गाडी तीन-चार आठवडे उभी राहणार असेल तर टाकी रिकामी कर आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोलही सोडून दे. जुन्या रबरी नळ्या याच पेट्रोलने फुगतात आणि मऊ पडतात, म्हणून घेतल्या घेतल्या त्या बदल. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळही होतं. प्लग काढून बघ. फिकट तपकिरी दिसला तर ठीक, पांढरा दिसला तर कार्बोरेटरचा जेट एक पायरी मोठा.

तिसरं, रेडिएटरचा पंखा. इंजिन पाण्याने थंड होतं, पण गाडी चालते माणसाच्या चालीने, म्हणजे समोरून वारा नाहीच. सगळी भिस्त त्या छोट्या पंख्यावर. चाळिशी पार केलेल्या उन्हात तो बंद पडला तर पाणी काही मिनिटांत उकळतं. इंजिन तापल्यावर पंखा सुरू झाल्याचा आवाज येतो का, याकडे दर वेळी कान ठेव. रेडिएटरच्या जाळीत सुकलेली काळी माती हलक्या पाण्याने आणि मऊ ब्रशने काढ, टोकदार काहीही घालू नकोस. एप्रिल-मेमध्ये नऊच्या आत सराव संपव. गाडीसाठी आणि तुझ्यासाठीही.

एअर फिल्टर फोमचा असतो. आपल्याकडच्या धुळीत तो दर वेळी बघायचा. साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवायचा, फिल्टरचं ऑइल लावून पिळायचा. पेट्रोलमध्ये धुतला तर चिकटवलेले सांधे सुटतात. दोन फिल्टर ठेव, एक वाळेपर्यंत दुसरा.

आणि एक जागा अशी, जी विकणाराही विसरलेला असतो. मागच्या शॉकअपखालची लिंकेज, म्हणजे शॉकअप आणि स्विंगआर्म जोडणारे सांधे. तिथल्या सुईच्या बेअरिंगांत पाणी आणि बारीक माती शिरते आणि आतल्या आत गंज धरतो. वरून काहीच दिसत नाही. टोमॅटोचं कॅरेट उलटं ठेव, इंजिनखालची ॲल्युमिनियमची प्लेट त्यावर टेकव, मागचं चाक अधांतरी येईल. चाक हाताने हळूच वर उचल. शॉकअप हलायच्या आधी ‘टक’ असं जाणवलं तर बेअरिंग गेलेली. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, ती उघडून पुसून ग्रीस भर. धुताना प्रेशरच्या पाण्याचा फवारा तिथं, चाकाच्या बेअरिंगवर आणि एअर फिल्टरच्या तोंडाशी मारू नकोस.

गिअरबॉक्सचं ऑइल अर्ध्या लिटरच्या आसपास, आणि क्लचही त्यातच बुडलेला. सतत हाफ क्लचवर काम, त्यामुळे ते लवकर काळं पडतं. स्वस्तात पडतं, लवकर बदल. क्लच हायड्रॉलिक असतो. काही गाड्यांत त्याला मिनरल ऑइल लागतं, काहींत ब्रेक फ्लुइड. झाकणावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय काहीही ओतू नकोस, चुकीचं गेलं तर सील फुगतात.

स्पेअरची भीती लोकांना वाटते तेवढी खरी नाही आणि वाटत नाही तिथे खरी आहे. बेअरिंग आणि ऑइल सील यांवर नंबर कोरलेले असतात. तो नंबर घेऊन धुळ्यात किंवा जळगावात बेअरिंगच्या दुकानात जा, बहुतेक जगभर चालणारी मापं असतात. पुढचं चाक २१ इंची, त्याची ट्यूब तुझ्या एक्सपल्समुळे आता सगळीकडे मिळते. चेनही बहुधा मिळेल. मिळणार नाही ते म्हणजे पिस्टन-रिंगा, क्लच प्लेटा, वॉटर पंपाचं सील किट, रीड, लिव्हर आणि मागचा टायर. हे बाहेरून मागवावं लागतं, वेळ लागतो, वर कस्टम. म्हणून गाडीची किंमत आणि या एका खोक्याची किंमत एकत्र धर. खोक्याचे पैसे हातात नसतील तर गाडी घेण्यात अर्थ नाही, ती शेडमध्ये उभी राहील.

शिकण्याबद्दल मात्र तू उगाच काळजी करतोस. शिकवणारा नसला तरी दगड आहे आणि नियम आहेत. माँटेसा या स्पॅनिश कंपनीचे रायडर पेरे पी यांनी आपल्या मुलाला, ओटला, आधी सायकलवर ट्रायल्स शिकवलं, आणि त्यातूनच सायकल ट्रायल्स हा वेगळा खेळ उभा राहिला. तूही गाडी येईपर्यंत जुन्या सायकलवर सुरू कर. पेडल आडवे, दोन्ही पायांवर उभा, हँडल एका बाजूला पूर्ण वळवलेलं, नजर दोन-तीन मीटर पुढे जमिनीवर. पाय न टेकता जागेवर उभं राहायचं. पुढच्या चाकाखाली पाहिलंस की तोल जाणार, हे पहिल्याच दिवशी कळेल. मग तेच गाडीवर, इंजिन बंद ठेवून.

इंजिन सुरू केल्यावर एक बोट क्लचवर, एक बोट पुढच्या ब्रेकवर, बाकीची मुठीभोवती. ही बोटं तिथून हलत नाहीत. पहिले काही आठवडे फक्त सपाट मुरमावर आठचा आकडा काढ, हँडल पूर्ण वळवून. गाडी आत झुकवायची, अंग बाहेर ठेवायचं, वजन बाहेरच्या फूटरेस्टवर. रस्त्यावर वळताना आपण नेमकं उलटं करतो, म्हणून हे अंगात यायला वेळ लागतो. ते आल्याशिवाय दगडाकडे बघू नकोस. चढाच्या आधी उतार शिक, कारण वर अडकलेल्या माणसाला खाली यावंच लागतं.

मग फक्की घे, क्रिकेटचं मैदान आखतात तीच, आणि तुझ्या नाल्यात एक तुकडा आख. उजवीकडे लाल फडकं, डावीकडे पांढरं, मधून जायचं. धाकट्या भावाला किंवा मित्राला गुण लिहायला बसव. स्वतःचे पाय स्वतः मोजणारा माणूस नेहमी एक कमी मोजतो. आणि कुणीतरी सोबत हवंच. वेग कमी असला तरी गाडी अंगावर आली आणि पाय दगडात अडकला तर एकट्याने निघत नाही. हेल्मेट, घोट्याच्या वरपर्यंत जाणारे बूट, गुडघ्याचे पॅड. किल स्विचची दोरी मनगटाला बांधल्याशिवाय किक मारायची नाही. ती सुटली की इंजिन बंद, नाहीतर हातातून निसटलेली टू-स्ट्रोक गाडी रेस धरून कुणावर जाईल सांगता येत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत जाऊ नकोस, टायरच्या खाचा भरून तो गुळगुळीत होतो. त्या दिवसांत मुरूम आणि दगड, एवढंच.

माझं मत विचारशील तर घे. तुझ्याकडे जागा आहे, दोन वर्षं मन टिकलंय आणि एक्सपल्सवर पाया घातला आहेस. फक्त बघायला जाशील तेव्हा घाई करू नकोस. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांग की गाडी सुरू करून ठेवू नको. गेल्यावर आधी इंजिनला हात लाव. गरम असेल तर तो काहीतरी लपवतोय असं समज आणि ते थंड होईपर्यंत थांब. फूटरेस्ट जिथे फ्रेमला जोडलेत तिथे तडे किंवा नवं वेल्डिंग दिसतं का बघ. गिअरबॉक्सचं ऑइल थोडं काढायला लाव. दुधाळ दिसलं तर वॉटर पंपाचं सील गेलेलं, किंमत तेवढी खाली आण. कॅरेट सोबत ने आणि लिंकेज तपास. पुढचा एक्झॉस्ट पाइप चेपलेला आहे का ते पाहा. आणि सगळ्यात आधी कागद. गाडी देशात कशी आली, कस्टम भरल्याची पावती आहे का, पावतीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतो का. स्पर्धेपुरती तात्पुरती आणलेली आणि परत न पाठवलेली गाडी असेल तर ती कितीही चांगली असो, तिथूनच मागे फिर.

वडिलांना बरोबर ने. बुलेटच्या आवाजावरून टॅपेट ओळखणारा कान त्यांच्याकडे आहे. थंड इंजिनाची पहिली किक त्यांच्यासमोर मारायला लाव आणि पिस्टनचा खडखडाट येतो का, ते त्यांनाच सांगू दे.